‘पी’वर उभी असलेली गाडी

१

सन दोन हजार सातच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वारज्यातल्या मृद्गंध सोसायटीच्या पार्किंगमधून एक लहान मोटार कोणीही आत बसलेले नसताना उतारावरून खाली आली. फाटकाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलेल्या दत्तोबा या रखवालदाराचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडून ती थांबली. इंजिन बंद होते. चावी चौथ्या मजल्यावर, मालकिणीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवरच्या वाटीत होती. हँडब्रेक खाली होता. आणि गिअरचा दांडा ‘पी’ या अक्षरावर होता.

विमा कंपनीच्या माणसाने ही हकीगत फोनवर सांगितली तेव्हा कौशल्या परचुरे यांनी शेवटचे वाक्य दोनदा वदवून घेतले. सदाशिव पेठेत राहणाऱ्या कौशल्याबाईंनी सत्तावीस वर्षे वाहनांच्या चाचणीशाळेत गिअरबॉक्स तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करीत. ऑटोमॅटिक गाडीचा दांडा ‘पी’वर नेला, की गिअरबॉक्समधली एक पोलादी खिट्टी दातेरी चाकात जाऊन बसते आणि पुढची चाके जखडली जातात. अशी गाडी घसरत नाही. ही घसरली होती.

“चारातलं एक वाक्य खोटं आहे,” त्या फोनवर म्हणाल्या.

“चारही पंचनाम्यात आहेत, मॅडम.”

“म्हणून खरी होतात का?”

अकरा वाजता त्या वारज्याला पोचल्या, तेव्हा निकाल लागलेलाच होता. पार्किंगच्या पायरीवर एक वयस्क गृहस्थ मान खाली घालून बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर एक टंकलिखित कागद होता.

“सोपं आहे, मॅडम,” हवालदार भीमराव म्हणाले. “ह्या शमशुद्दीनचाचांनी काल संध्याकाळी गिअरचं काम करून गाडी आणून दिली. आज सकाळी गिअरने धरलं नाही. दुसरं आहे काय त्यात?”

“गाडी बघितलीत?”

“बघितली की.”

“खालून?”

“खालून कशाला? मी काय मेकॅनिक आहे?”

“मग गिअरने धरलं नाही, हे कोणी सांगितलं?”

भीमरावांनी शेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरींकडे बघितले. सेक्रेटरी बद्रीनाथ कानडे यांनी घसा साफ केला. सरकारी खात्यातून ते निवृत्त झाले होते, पण खाते त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. “ऑटोमॅटिक गाड्यांचा भरवसा नाही, हे मी आठ महिने लेखी सांगतो आहे,” ते म्हणाले. “आता प्रकरण आपसांत मिटावं म्हणून यांच्यासाठी निवेदन तयार केलं आहे. सोमवारी अकरापर्यंत सही झाली तर ठीक, नाहीतर निष्काळजीपणाचा गुन्हा.”

कौशल्याबाईंनी कागद वाचला. ‘मी केलेल्या दुरुस्तीत राहिलेल्या दोषामुळे सदर अपघात घडला असून...’

“अडतीस वर्षं शनिवार पेठेत गॅरेज आहे माझं,” शमशुद्दीन म्हणाले. “सगळं मॅन्युअल गाड्यांचं काम. ऑटोमॅटिकचं हे पहिलंच. दांड्याच्या केबलच्या टोकाचं रबरी बुश झिजलं होतं, ते बदललं. बरोबर बसलं असं वाटतं. पण खात्री आहे का, असं विचारलंत तर काय सांगू? हात माझा लागला आणि दुसऱ्या दिवशी माणसाचा पाय मोडला. खाली अशी सही केल्यावर शटर उघडून बसायचं कशाला? पण सही करावी असंच वाटतंय.”

“दोष असला तर सही करा,” कौशल्याबाई म्हणाल्या. “दोष असल्यासारखं वाटलं म्हणून करू नका. उद्या अकरापर्यंत पेन खिशात राहू द्या.”

हे त्यांनी दिलाशासाठी म्हटले नव्हते. त्यांचा स्वतःचा संशयही अजून शमशुद्दीनवरच होता.

२

संशयाला कारण होते. केबल चुकीची बसली तर दांडा ‘पी’ दाखवतो आणि आतली खिट्टी मात्र दातांत पूर्ण जात नाही. पंचनाम्यातली चारही वाक्ये खरी ठेवणारा तेवढा एकच खुलासा होता.

कौशल्याबाईंनी जुनी वर्तमानपत्रे अंथरली, पदर खोचला आणि एकसष्टाव्या वर्षी त्या गाडीखाली शिरल्या. सोसायटीतल्या दोन बायका गॅलरीतून हे दृश्य बघत होत्या. “बाई खाली आणि हवालदार वर,” एक म्हणाली. भीमरावांनी ऐकले नसल्याचे दाखवले.

केबलचे टोक खुणेवर होते. नवे बुश घट्ट होते. मग त्यांनी जॅक लावून पुढचे फक्त डावे चाक उचलले. दोन्ही उचलली तर एक सुलटे आणि दुसरे उलटे फिरते, आणि बघणाऱ्याची फसगत होते. दांडा ‘पी’वर असताना त्यांनी ते चाक दोन्ही हातांनी फिरवून पाहिले, मग भीमरावांना फिरवायला लावले, मग लांब पान्याने जोर देऊन पाहिला. चाक जागचे हलले नाही. दहा वेळा दांडा काढला, दहा वेळा बसवला. दहाही वेळा खिट्टी पुरती बसली.

त्या उठल्या. पदराला ग्रीस लागले होते.

“म्हणजे?” भीमरावांनी विचारले.

“गाडी ‘पी’वर होती हे खरं. ‘पी’वरची ही गाडी हलत नाही, हेही खरं. आणि ती हलली.”

“हे तर काहीच झालं नाही, मॅडम.”

“नाही झालं,” त्यांनी कबूल केले. त्यांना आपण गोंधळलो असल्याचे सांगायला लाज वाटत नसे. न गोंधळलेल्या माणसांचे अहवाल त्यांनी पुष्कळ वाचले होते. पण हा गोंधळ नेहमीच्या जातीचा नव्हता. एरवी पुरावा कमी असे. इथे पुरावा पुरेसा होता आणि तो आपापसांत भांडत होता.

त्या दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. दांड्याशेजारी, प्लॅस्टिकच्या पट्टीवर, नखाएवढे चौकोनी भोक होते. त्यावर बसणारी टिकली पायाशी चटईवर पडलेली होती.

“चाचा, ही टिकली तुम्ही काढली होती?”

शमशुद्दीन जवळ आले. “काढली होती. काल बाईंना दाखवायला. आत बटण आहे. चावी लावलेली नसताना दांडा ‘पी’वरून निघत नाही. पण स्क्रूड्रायव्हरने हे बटण दाबलं की निघतो, न्यूट्रलला येतो. गाडी बंद पडली, ओढून न्यायची झाली, तर उपयोगी.”

“आणि मग टिकली?”

“परत बसवली. अंगठ्याने दाबून. आवाज आला होता बसल्याचा.”

“हे तुम्हाला ‘वाटतं’ का?”

शमशुद्दीननी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज स्थिर झाला. “नाही. हे नक्की आहे.”

म्हणजे शनिवार संध्याकाळनंतर ती टिकली आणखी कोणीतरी काढली होती.

“बटण दाखवलंत तेव्हा शेजारी कोण होतं?”

“बाई होत्या. हे सेक्रेटरीसाहेब. आणि तो वरचा कॉम्प्युटरवाला, संतोष.”

३

गाडीची मालकीण नम्रता ठवकर मूळची भंडाऱ्याची. हिंजवडीच्या एका कंपनीत तिच्या हाताखाली अकरा माणसे होती. तिने चहा केला, पण कपात साखर दोनदा घातली.

“ऑटोमॅटिक का घेतलीत?”

“गुडघा, मॅडम. वारजे ते हिंजवडी, क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, नोकरी बदला नाहीतर गाडी बदला.”

“काल रात्री गाडी कुठे लावली?”

“नेहमीच्याच जागी. माझा फ्लॅट उशिरा घेतलेला, हक्काचं पार्किंग नाही. मधल्या बोळात, संतोषच्या गाडीसमोर लावते. त्याला निघायचं असलं की तो इंटरकॉम करतो, मी खाली येऊन काढते. ‘पी’वर टाकली, हँडब्रेक ओढला, चावी काढली, वर आले.”

“हँडब्रेक खाली सापडला.”

“मी ओढला होता.” मग तिचा आवाज उतरला. “ओढलाच असणार. मॅडम, सकाळपासून इतक्या जणांनी विचारलंय, की आता मलाच कळेनासं झालंय. चावी मी फ्रिजवर ठेवली का फ्रिजमध्ये, असंही कोणी विचारलं तर मी अडखळेन.”

“दाराला कुलूप?”

“नाही. सोसायटीचा नियम आहे.”

नियम खाली फळ्यावर लावलेला होता. ‘मधल्या बोळात उभ्या राहणाऱ्या गाड्या न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून व दार उघडे ठेवून लावाव्यात. ज्यास निघावयाचे असेल त्याने गाडी ढकलून वाट करावी, चाकाखाली वीट ठेवावी व निघावे. आज्ञेवरून.’

“चोवीस फ्लॅट, चौदा पार्किंग,” बद्रीनाथ म्हणाले. “बिल्डरने गणित नापास केलं, आम्ही ते विटांवर पास केलं. सहा वर्षं सुरळीत चाललंय. मॅन्युअल गाडी कशी, न्यूट्रल केली की एका हाताने सरकते. ह्यांची आली आणि खुंटा ठोकल्यासारखी उभी. ना ढकलता येत, ना सरकवता येत. मी दत्तोबालाही सांगून ठेवलं होतं, बाबा, तिच्या नादी लागू नकोस, ती हलायची नाही.”

“आणि ती हलली.”

“म्हणूनच म्हणतो, भरवसा नाही!”

“आठ महिने हलत नाही ही तक्रार, आणि एक दिवस हलली ही तक्रार. दोन्हींचा निष्कर्ष एकच कसा निघतो, कानडेसाहेब?”

बद्रीनाथ रागावले नाहीत. ते फक्त लेखी स्वरूपात आले. “अपघातानंतर पहिला पोचलो तो मी. म्हणजे, नम्रता माझ्या आधी पोचली होती. ती गाडीत अर्धी वाकलेली होती. मी ओरडलो, काय करतेस? तर म्हणाली, ‘काका, ब्रेक ओढतेय.’ मग आम्ही दोघांनी दत्तोबाला बाहेर काढलं. रिक्षा त्याला घेऊन गेल्यावर मी लगेच फोटो काढले. नवीन डिजिटल कॅमेरा आहे. एकेचाळीस फोटो. पुरावा म्हणून.”

संतोष आवटे दुसऱ्या मजल्यावर राहत होता. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करी आणि दोषांविषयी अधिकाराने बोले.

“मॅडम, बेसिक लॉजिक आहे. पार्ट्स जास्त, तर फेल्युअर जास्त. मॅन्युअलमध्ये आहे काय? क्लचप्लेट गेली की बदला. ऑटोमॅटिक म्हणजे ब्लॅक बॉक्स. म्हणून आपण मॅन्युअलच वापरतो.”

“किती ऑटोमॅटिक गाड्यांचा अभ्यास केलात?”

“म्हणजे, ऑनलाइन रिव्ह्यूज वाचले ना.”

“मी क्लच जळालेल्या गाड्या हजारांनी बघितल्या, खिट्टी तुटलेली एकही नाही. पण रस्त्यावर ऑटोमॅटिकच थोड्या, त्यामुळे त्यावरून मीसुद्धा काही सिद्ध करत नाही. आज सकाळी तुम्ही कुठे होतात?”

“एअरपोर्टला. क्लायंटला रिसीव्ह करायला. पावणेसातला निघालो.”

“पावणेसात नक्की?”

“एकदम नक्की. दत्तोबांनी फरशी धुतलेली होती, माझा पाय सटकला असता.”

“नम्रताबाईंची गाडी आडवी नव्हती?”

“थोडी पुढे होती. काढली मी कशीतरी,” तो म्हणाला आणि त्याने मोबाईलमध्ये पाहिले. मोबाईल वाजलेला नव्हता.

४

संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या घरी कौशल्याबाईंनी एकेचाळीस फोटो संगणकावर उघडले. बद्रीनाथांचे छायाचित्रण त्यांच्या निवेदनासारखेच होते. जे लागेल ते, आणि जे लागणार नाही तेही. मोडकी केबिन सहा वेळा, गाडीचा नंबर पाच वेळा, रिकामे पार्किंग नऊ वेळा, स्वतःचा बूट एकदा.

आठव्या फोटोत गाडीच्या आतला भाग होता. दांडा ‘पी’वर. हँडब्रेक खाली.

त्या तिथेच थबकल्या. ब्रेक ओढण्यासाठी नम्रता गाडीत वाकली होती, तर काही मिनिटांनी काढलेल्या फोटोत तो खाली कसा? मग ती नेमके काय करीत होती?

हा प्रश्न कागदावर लिहून त्या पुढे गेल्या. चौदाव्या फोटोत पार्किंगची फरशी होती. दत्तोबा रोज साडेसहाला ती धुवत असे. थंडीमुळे ओल टिकली होती. जिथे जिथे गाडी उभी असताना पाणी टाकले होते, तिथे गाडीच्या आकाराचा कोरडा चौकोन राहिला होता. सकाळी निघून गेलेल्या गाड्यांचे कोरडे ठसे रांगेने दिसत होते. वर्गात गैरहजर मुलांच्या जागा दिसाव्यात तसे.

नम्रताने सांगितलेल्या जागी ठसा नव्हता. तिथली फरशी सगळी ओली होती. तिचा कोरडा चौकोन तेरा-चौदा फूट पुढे, उताराच्या तोंडाजवळच्या खांबापाशी होता. म्हणजे गाडी साडेसहाच्या आधी पुढे सरकली होती आणि तिथे निदान अर्धा तास शांत उभी होती.

आता गोंधळ वाढलाच. कोणी ढकलली तर ती तेव्हाच का खाली गेली नाही? आणि न ढकलता ती पुढे कशी आली? कौशल्याबाईंनी कपाळ दाबले. एक गाठ सुटली की दोरीची लांबी वाढत होती.

त्या फोटोत चौकोनाच्या पुढच्या टोकाला, जिथे थोडे पाणी आत ओघळले होते तिथे, पुढच्या चाकाच्या जागेजवळ आणखी एक लहानसा कोरडा आयत होता. त्यांनी तो आधी टायरचा ठसा समजून सोडून दिला होता. मापाने तो वहीच्या पानापेक्षाही लहान होता. टायरचा ठसा एवढ्या सरळ कडांचा नसतो.

मग त्यांनी केबिनचे सहा फोटो पुन्हा पाहिले. चेपलेला पत्रा, उलटी खुर्ची, स्टीलचा पेला, रजिस्टर. आणि खुर्चीशेजारी एक अख्खी वीट.

केबिन पत्र्याची होती. तिच्यात वीट कुठून आली?

त्यांनी घड्याळ पाहिले. रुग्णालयात भेटीची वेळ संपायला पन्नास मिनिटे होती.

५

दत्तोबाच्या पायाला वजन लावले होते. त्याने बाईंना ओळखले नाही, तरी उठून बसण्याचा प्रयत्न केला.

“पडून राहा. गाडी आली तेव्हा कटकट असा आवाज झाला होता का?” खिट्टी दातांवरून घसरली असती, तर तसा आवाज झालाच असता.

“न्हाई. अजिबात न्हाई. मांजरावानी आली. दिसली तवा उशीर झालता.”

“तुमच्या हातात वीट होती.”

दत्तोबाचा चेहरा उतरला. त्याने बाजूच्या पलंगाकडे पाहिले, मग छताकडे. “कुणी सांगितलं?”

“कोणीच नाही. फोटोत आहे.”

“बाई, माझी नोकरी जाईल ओ. पण त्यो चाचा सही करणार हाय म्हनं, ते ऐकल्यापासनं मला झोप न्हाई.” त्याने श्वास घेतला. “फरशी धुतली. मग मी विटा गोळा करतो रोज. ज्या गाडीला नको तिच्या काढून ठेवतो, नाहीतर पोरं अडखळून पडत्यात. मॅडमची गाडी जरा पुढं हुती. म्हटलं, त्यांनीच लावली असंल. तिच्या चाकाम्होरं वीट. मला हसूच आलं. साहेबांनी सांगितलेलं, ती आटोमॅटिक हाय, ती हलत न्हाई, तिला वीट कशाला? काढली. केबिनला आलो, बसलो, वीट खाली ठेवायला वाकलो...”

“वीट काढली तेव्हा गाडी हलली का?”

“न्हाई! तेच तर कळंना. हलली असती तर धरली न्हाई का मी? उभी हुती. पाठ फिरवून मी गेलो. मग आलीच कशी?”

कौशल्याबाईंनी दुपारी बोळापासून फाटकापर्यंत जागोजागी पाणसळ, म्हणजे ढाळ मोजायची पट्टी, लावून पाहिली होती. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून त्या खांबाजवळ फरशीला साठात एक असा ढाळ होता. टायरांचा अडथळा वजा केला तर उरणारी ओढ अगदी किंचित. अशा ढाळावर मोकळी गाडी प्रथम हललेली डोळ्यांना दिसतच नाही. पहिले दोन मीटर जायला तिला दहा सेकंद लागतात. त्यानंतर उतार सुरू होतो.

“दहा सेकंद,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात तुम्ही खुर्चीवर पोचलात.”

“म्हंजी माझंच चुकलं.”

“तुम्हाला जे सांगितलं होतं, त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर होता. सांगितलेलं त्या दिवसापुरतं खोटं झालं होतं. ते कोणी केलं, एवढंच राहिलंय.”

६

सोमवारी साडेदहाला सोसायटीच्या कार्यालयात सहा खुर्च्या मांडल्या होत्या. शमशुद्दीन नवा सदरा घालून आले होते. पेन खिशाला होते. टेबलावर निवेदन, आणि निवेदनावर बद्रीनाथांचा पेपरवेट.

“सुरुवात संतोषपासून करते,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुम्ही पावणेसातला निघालात. फरशी धुतलेली होती.”

“हो.”

“मग तुमच्या जागेवर गाडीचा कोरडा ठसा राहायला हवा.” त्यांनी चौदावा फोटो पुढे सरकवला. “ही तुमची जागा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओली. साडेसहाला पाणी टाकलं तेव्हा तिथे गाडी नव्हती. तुम्ही आधीच गेला होतात. समोर नम्रताबाईंची गाडी आडवी असताना.”

संतोषने फोटो उचलला, जवळ धरला, लांब धरला. त्याच्या धंद्यात अशा दोषाला ‘बग’ म्हणतात, हे त्याला चांगलेच ठाऊक असावे.

“सहाला निघालो,” तो शेवटी म्हणाला. इंग्रजी पार गळून गेले होते. “मॅडम, रविवारी सकाळी सहाला हिला इंटरकॉमवरून उठवायचं? आठवडाभर ती रात्री नऊला येते. आदल्या दिवशी चाचांनी ते बटण दाखवलेलंच होतं. चावीच्या टोकाने दाबलं, न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला, ढकलली, वीट लावली. फळ्यावर लिहिलंय तसंच. सगळ्यांच्या गाड्यांचं करतो तसंच. दांडा परत ‘पी’वर टाकायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. आपण मॅन्युअलवाले. ढकललेली गाडी न्यूट्रलमध्येच ठेवायची, पुढच्याला ढकलता यावी म्हणून. एअरपोर्टवरून आलो तर कळलं, पाय मोडला. मग तोंडच उघडेना.”

“पण दांडा तर ‘पी’वर सापडला!” भीमराव म्हणाले. “हा म्हणतो न्यूट्रल.”

“म्हणून आता नम्रताबाई.”

नम्रता आधीच रडायला लागली होती, आवाज न करता.

“तुम्ही गाडीत वाकला होतात. म्हणालात, ब्रेक ओढतेय. नंतरच्या फोटोत ब्रेक खालीच आहे. तुम्ही ब्रेकला हातच लावला नव्हता. दांडा न्यूट्रलवर दिसला आणि तो तुम्ही ‘पी’वर नेलात.”

“मला वाटलं, मीच ठेवला,” ती म्हणाली. “काका रोज म्हणतात, न्यूट्रल करत जा, न्यूट्रल करत जा. बारा वर्षं मॅन्युअल चालवली. वाटलं, दमून आले, सवयीने हात तिकडे गेला असेल. दत्तोबा विव्हळत होते आणि मी... एक सेकंदाचं काम होतं, मॅडम. मग सगळे म्हणाले, गिअरबॉक्स बिघडला, चाचांनी बिघडवला. मी गप्प बसले.” तिने शमशुद्दीनकडे पाहण्याचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

“चावी कुठे होती?” कौशल्याबाईंनी विचारले.

“फ्रिजवर.”

“तुमच्या गाडीतून चावी निघते केव्हा?”

नम्रताने डोळे पुसले. मग अगदी हळू म्हणाली, “‘पी’वर असेल तरच.”

“चावी वर होती, म्हणजे रात्री दांडा ‘पी’वरच होता. सकाळी तो न्यूट्रलला दिसला, याचा अर्थ मधल्या वेळात कोणीतरी बटण दाबलं. तुमच्या बाजूने एवढा एकच पुरावा होता, आणि तो तुम्ही स्वतः पुसलात. पुसल्यावर उरले ते चाचा.”

मग बद्रीनाथ खाकरले. “तरीपण, यंत्र—”

“यंत्राने आपलं काम चोख केलं, कानडेसाहेब. तुमची सगळी व्यवस्था गाडी हलण्यावर उभी होती आणि ही गाडी न हलण्यासाठी बनवलेली होती. संतोषने तिला तासाभरापुरती तुमच्या बाकी गाड्यांसारखी केली. दत्तोबांना मात्र ती तिच्यासारखीच आहे असं सांगितलेलं होतं. वीट काढली ती त्यांनी. अहवालात ते येईल, आणि कोणाच्या सांगण्यावरून तेही येईल.”

बद्रीनाथांनी पेपरवेट उचलला. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचले नाही, म्हणून हातातच ठेवला.

“मग मॅडम, गुन्हा कोणावर लिहू?” भीमरावांचा चेहरा खरोखर दुःखी होता. “एकाने झोपमोड नको म्हणून ढकलली. एकाने पोरं अडखळतील म्हणून वीट उचलली. हिने घाबरून दांडा हलवला. कालपर्यंत एक माणूस होता, बरं होतं.”

“माझ्या फॉर्ममध्ये गुन्ह्याचा रकाना नाही. कारणाचा आहे.”

भीमरावांनी बद्रीनाथांचे निवेदन उचलले, उभे फाडले आणि तुकडे स्वतःच्या डायरीत ठेवले. “जा चाचा. तुमचं इथे काही नाही.”

शमशुद्दीन उठले नाहीत.

“बटण तर मीच दाखवलं,” ते म्हणाले.

“गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे, चित्रासकट.”

“ते ठीक आहे. तुम्ही म्हणता, खिट्टी बसते. कागदावर सगळं बरोबर आहे. पण दोन दिवस मी माझ्या हातांकडे बघून बसलोय, मॅडम. तुम्ही चाक उचलून बघितलंत. मी काहीच बघितलं नाही.” त्यांनी नम्रताकडे हात पुढे केला. “बेटा, चावी दे.”

गाडीचा पुढचा भाग चेपला होता, पण ती सुरू झाली. शमशुद्दीननी ती मागे घेत उताराच्या मध्यावर आणून उभी केली, तोंड खाली फाटकाकडे. तिथला ढाळ खांबाजवळच्यापेक्षा सात-आठ पट होता. भीमरावांनी सगळ्यांना बाजूला सारले. संतोष न सांगता वीट घेऊन आला होता. कौशल्याबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

दांडा ‘पी’वर गेला. इंजिन बंद झाले. चावी निघाली. शमशुद्दीननी हँडब्रेक खाली केला. आता फक्त त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता.

त्यांनी पाय उचलला.

गाडी दोन बोटे पुढे आली. नम्रताच्या तोंडून “अगं आई” निघाले. आतून ‘खट्’ असा एक जाड आवाज झाला आणि गाडी थांबली.

“हा आवाज कसला?” बद्रीनाथांनी विचारले.

“खिट्टी दातात बसली,” शमशुद्दीन म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि त्या तीव्र उतारावर, ड्रायव्हरच्या सीटवर, सावकाश मांडी घातली.